घट्ट बसणाऱ्या खिडक्या

मी जात्याच भित्री. पाल, वीज, शाळेतून आलेली चिठ्ठी, अवेळी आलेला पाहुणा, मला कशाचीही भीती वाटते. लग्न झाल्यावर वर्षभर नवऱ्याने माझी समजूत काढली, मग त्याने तो नाद सोडला. पण नव्वदच्या दशकात आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो तेव्हा एक नवीच भीती माझ्या वाट्याला आली, आणि ती नाकातून आली.

आमची इमारत सरकारने बांधलेल्या वसाहतीतली, चार मजल्यांची. आम्ही तिसऱ्यावर. पश्चिमेला थोडं चाललं की खाडी, आणि पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे महापे-रबाळ्याचे कारखाने. दिवसा वारा खाडीकडून यायचा, तेव्हा चिखलाचा आणि सुक्या मासळीचा वास. थंडीत संध्याकाळी वारा फिरायचा आणि मग कारखान्यांची पाळी. कधी डोळे चुरचुरवणारा आंबट वास, कधी पिकल्या फणसासारखा गोड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सडक्या कोबीचा. हा कोबीचा वास अगदी आपल्या स्वयंपाकाच्या गॅससारखा असायचा. पहिल्या हिवाळ्यात तो आला की मी धावत जाऊन सिलिंडर तपासायचे. नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचे. दर वेळी सिलिंडर निर्दोष निघायचा. शेवटी शेजारणी हसायला लागल्या. "अहो वहिनी, तो कारखान्याचा. आमी पण सुरवातीला असंच करायचो." त्यांच्यासारखीच मीही मग सिलिंडर बघायचं सोडून दिलं आणि खिडक्या लावायला शिकले.

वास आला की सगळ्या वसाहतीत खिडक्या लागायच्या. आधी कोपऱ्यावरच्या इमारतीत एक वाजायची, मग दुसरी, मग आमच्या समोरची. लोखंडी चौकटींचा खाड खाड आवाज आपल्याकडे सरकत यायचा. नाकाला कळायच्या आधी कानाला कळायचं. आपली खिडकी लावेपर्यंत शेजारच्या बाई ओरडायच्या, "आला बघा मेला!" आणि पाच मिनिटांत अख्खी वसाहत गप्प व्हायची.

इतरांसाठी हा नुसता वैताग होता. माझ्या घरी सहा वर्षांची लेक होती आणि तिला बाळदमा होता.

तिला दम लागायचा तेव्हा गळ्याखालची खळी आत ओढली जायची. मी तिला मांडीवर घेऊन त्या खळीकडे बघत बसायचे आणि मनात श्वास मोजायचे. डॉक्टर म्हणाले होते, धूळ, धूर, उग्र वास, यांपासून जपा. आता कोपरखैरण्यात उग्र वासापासून जपायचं म्हणजे काय करायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. खिडक्या लावूनही उपयोग नसायचा. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने त्या लोखंडी खिडक्या पार सडल्या होत्या. पापुद्रे सुटलेले, काचेभोवतीची लांबी, म्हणजे पुट्टी, वाळून पडलेली, एक तावदान तर मी पुठ्ठा लावून थोपवलं होतं. कडी लावली तरी दोन बोटं जातील एवढी फट राहायची. मी तिच्यात ओले टॉवेल कोंबायचे. तरी वास यायचाच.

त्या वर्षी दिवाळीनंतर एकदा ओले टॉवेल कोंबूनही लेकीला इतका दम लागला की ओठ निळसर झाले. रिक्षात बसून वाशीला दवाखान्यात नेईपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. ती बरी होऊन घरी आली त्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं, "खिडक्या बदलायच्या. अल्युमिनियमच्या. सरकत्या. आत मुंगी येणार नाही अशा."

"मुंगी येते दारातून," तो म्हणाला. पण लेकीचे ओठ त्यानेही पाहिले होते. तो लगेच हो म्हणाला.

घरात अजून एक माणूस होतं, माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. सातारकडच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेल्या. बोलायला कमी, पण एका गोष्टीवरून आमचं रोज वाजायचं. तिन्हीसांजेला घराचं दार आणि खिडक्या उघड्या हव्यात, लक्ष्मी यायची वेळ असते, हा त्यांचा नेम. दार उघडायचं, मग देवापुढे निरांजन लावायचं, आणि निरांजन लागल्यावरच घरातली विजेची बटणं दाबायची. हा क्रम त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता. आणि नेमकी तीच वेळ कारखान्यांच्या वासाची. त्या दार उघडायच्या, मी खिडक्या लावत धावायचे. लेकीला बिचारीला कळायचं नाही, घरात कोणाला घ्यायचंय आणि कोणाला नाही.

"आगं, तिन्हीसांजंला दार लावून बसत्यात व्हय? आल्या पावली परत जाती ती," त्या म्हणायच्या.

मी गप्प बसायचे. गप्प बसणं मला जमतं, पण फार वेळ नाही.

खिडक्या करायला जे आले ते जवळच्याच गावचे. त्यांची शेतं नव्या शहरात गेली होती आणि आता त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या घरांना ते खिडक्या बसवत होते. पन्नाशीचा माणूस, गळ्यात सोन्याची जाड साखळी, पायांत साध्या रबरी चपला. सगळ्यांना अरे-तुरे करायचे, मलाही. त्यात उद्धटपणा नव्हता, त्यांची बोलीच तशी. मी त्यांना दादा म्हणायचे.

दादांनी तीन दिवसांत जुन्या चौकटी उखडल्या. ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भिंतीला नुसती भोकं, तिसऱ्या मजल्यावर, आणि घरात सहा वर्षांची मुलगी. मी तिला साडीच्या पदराने माझ्या कमरेला बांधायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. दादांनी भोकांवर फळ्या आडव्या ठोकल्या, तरी मी तिथे पलंग लावला, पलंगासमोर कपाट लावलं. नवरा संध्याकाळी आला तर त्याला आत यायलाच जागा नव्हती.

चौथ्या दिवशी नव्या खिडक्या बसल्या. चकचकीत, रूळांवर सरकणाऱ्या, काचेला काळी रबरी पट्टी. दादांनी एक लावून दाखवली. बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज एकदम तुटला. मी ती पुन्हा उघडली, पुन्हा लावली. आवाज आला, तुटला. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे दादांना चहा टाकला आणि बशीत लाडूही ठेवले.

राहिली स्वयंपाकघरातली वरची जाळी. खिडकीच्या डोक्यावर छताजवळ एक हातभर लांबीचा झरोका होता, सिमेंटच्या जाळीचा. कारखान्याचा वास तिथूनही येईल म्हणून मी तो प्लायवूडने बंद करायला सांगितला.

दादा शिडीवर चढलेले, तिथूनच खाली बघत म्हणाले, "ताय, ही जाली रवू दे. हवा यला रस्ता पायजे, तसा जावाला पन पायजे."

"नको दादा. मुलीला दमा आहे."

"आगो, बाहेरच्या वासाला तू भितेस. न घरानचा वास कुठशी जावाचा?"

मला वाटलं, फोडणीच्या वासाबद्दल बोलतायत. मी म्हटलं, घरच्या वासाचं मी बघते. दादांनी खांदे उडवले, प्लायवूडची फळी ठोकली, कडेने पांढरी लांबी भरली. "सांगाचा काम माजा. तू लक्षान ठेव," म्हणाले आणि हत्यारं गोळा करून गेले.

खिडक्या एवढ्या छान झाल्यावर भिंती कळकट दिसायला लागल्या, तेव्हा रंग द्यायचं ठरलं. आम्ही कधी नव्हे ते घर सजवत होतो. बाहेरच्या खोलीला फिका पिस्ता, आतल्या खोलीला क्रीम, दारांना चॉकलेटी ऑइल पेंट. नवे पडदे मी स्वतः शिवले, मोठमोठ्या सूर्यफुलांचे. नवरा म्हणाला, खिडक्या लावून बसणार आणि सूर्यफुलं कुठे बघणार, तर पडद्यावर, बरोबर आहे. मी एवढी खुशीत होते की चिडलेसुद्धा नाही.

शेवटच्या दिवशी स्वयंपाकघर आणि बाहेरचं दार उरलं होतं. मी नोकरीवरून रजा घेतली. देवांचा लाकडी देव्हारा भिंतीवर होता, तो उतरवला आणि देव खाली पाटावर मांडले, ओट्याच्या बाजूला, सिलिंडरला लागून. दुसरीकडे जागाच नव्हती. फ्रिज बंद करून बाहेरच्या खोलीत आणून चादरीत गुंडाळला होता. रंगाऱ्यांनी ओट्यामागची भिंत रंगवायला शेगडी पुढे ओढली, सिलिंडर हलवला, काम झाल्यावर सगळं परत लोटलं. दुपारी साडेतीनला ते गेले. जाताना म्हणाले, दार आज रात्री उघडंच ठेवा, रंग ओला आहे. मी बरं म्हटलं. पुढल्या पाच मिनिटांत जिन्यातली धूळ आत येईल म्हणून दार लोटून घेतलं.

आत्याबाई बाहेर चटईवर वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उघडं ऱ्हाऊ दे की. त्यो सांगून गेलाय नव्हं? आन् सांज व्हईल आता."

दिवसभर रंगाऱ्यांच्या मागे फिरून माझं डोकं दुखत होतं. मी म्हणाले, "आत्याबाई, आपल्या दाराला बेल आहे. लक्ष्मीला सांगा, बेल वाजवून ये."

त्या माझ्याकडे बघून पुन्हा वाती वळायला लागल्या. लेक मात्र खुदकन हसली, आणि ती हसली म्हणून मीही हसले.

चारला मी तिघींचा चहा केला. चहा उकळला, शेगडीचं बटण बंद केलं, मग शेगडी अजून थोडी पुढेच राहिली होती ती भिंतीला नीट लोटून घेतली. सिलिंडरचं बटण चालूच राहिलं. मागे, शेगडीला जिथे नळी बसते तिथे ती ओढाताणीत अर्धी निसटली होती. ते मला दिसलं नाही. वास आला असेल तर तोही कळला नाही. आठ दिवस घरभर टर्पेंटाइनचा वास होता, आमची नाकं मेली होती.

मी आतल्या खोलीत स्टुलावर चढून पडदे लावत होते. रंग वाळावा म्हणून त्या खोलीची खिडकी तेवढी उघडी ठेवली होती. लेक बाहेरच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून चित्रं रंगवत होती, स्वयंपाकघराच्या दाराशीच. पावणेसहा झाले असतील. बाहेर ऊन उतरलं होतं. आणि मला तो वास आला, सडक्या कोबीचा.

मी नेहमीसारखी घाबरले, पण त्या दिवशी भीतीच्या मागोमाग थोडा तोराही आला. ये म्हटलं, आता ये. मी स्टुलावरून उतरले, आतली खिडकी सरकवून लावली, पट्टी बसल्याचा बारीक आवाज ऐकला. बाहेरच्या खोलीतली बंदच होती, तरी दाबून पाहिली. स्वयंपाकघराची बंद होती. वर प्लायवूड. पुढचं दार लोटलेलं. एक फट नव्हती. मी लेकीला म्हणाले, "आज बघ, काही होणार नाही तुला." आणि पुन्हा आत जाऊन पडदा लावायला लागले.

वास कमी होईना. उलट वाढला. मला वाटलं, आत शिरलेला आहे तेवढा बसेल खाली. पाच-दहा मिनिटं गेली. मग बाहेरून लेकीचा खोकला आला. तो खोकला मी ओळखायचे. कोरडा, लागोपाठ, आणि दोन खोकल्यांच्या मध्ये शिट्टीसारखा श्वास.

नव्या खिडक्या, एवढं सगळं करून, आणि तरी? कुठून येतोय? मी खिडकीशी गेले, कुठे फट राहिली का बघायला. काचेवर बोट फिरवत गेले. पट्टी घट्ट होती. आणि मग त्या स्वच्छ नव्या काचेतून माझं लक्ष समोर गेलं.

समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या.

चारही मजल्यांच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई खिडकीत कोपरं टेकून खाली बघत होत्या. कोणाचा तरी टॉवेल वाऱ्यावर हलत होता, आणि तो आमच्याकडून कारखान्यांच्या दिशेला हलत होता. वारा खाडीचा होता. खाली मुलं खेळत होती. कोणी नाकाला पदर लावला नव्हता, कोणी धावत नव्हतं. त्या संध्याकाळी वसाहतीत खिडक्या लागल्याच नव्हत्या, आणि ते मला कळलं नाही, कारण आता मला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

वास बाहेर नव्हता.

मला पहिल्यांदा आठवलं ते हे, की तिन्हीसांज झाली. घरात अंधारून आलं होतं आणि एकही दिवा लागलेला नव्हता. म्हणजे आत्याबाई आता निरांजन लावणार. देव खाली पाटावर, सिलिंडरला लागून. गॅस खालीच साठतो, जमिनीवर, हे मी शाळेत शिकले होते. माझी मुलगीही जमिनीवर होती.

मी ओरडले. म्हणजे ओरडायचा प्रयत्न केला. आतल्या खोलीतून बाहेर यायला सहा-सात पावलं लागत असतील. त्या पावलांत मी डोळ्यांपुढे काय काय पाहिलं ते आज इतक्या वर्षांनीही लिहवत नाही.

बाहेरच्या खोलीत लेक बसलेली, हात गुडघ्यांवर, खांदे वर, श्वास ओढत. आणि आत्याबाई देवापाशी नव्हत्या. त्या पुढच्या दाराशी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी कडी धरून दार ओढत होत्या, आणि दार हलत नव्हतं. ओला ऑइल पेंट चौकटीला चिकटून वाळला होता. काड्यापेटी त्यांच्या डाव्या मुठीत होती, कडीला दाबलेली.

"बघ की गं," त्या मागे न बघता म्हणाल्या, "दार धरून बसलंय. दिवा लावायचा खोळंबलाय माजा."

मी त्यांच्या मुठीतून काड्यापेटी ओढून घेतली. त्यांना लागलं असणार, त्या चमकून बघायला लागल्या. मी चौकटीला पाय लावला, कडी धरली, त्यांनाही खूण केली. दोघींनी मिळून हिसका दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रंगाची लांब साल सोलत दार उघडलं आणि जिन्यातली गार हवा आत आली. मी लेकीला उचलून त्यांच्या हातांत दिलं. "खाली. खाली जा," एवढंच मला बोलता आलं. मग पदर नाकाशी धरून स्वयंपाकघरात गेले. पाटावर निरांजन तयार होतं. तूप घातलेलं, वात भिजवलेली. मी त्याला वळसा घालून सिलिंडरचं बटण फिरवलं, मग खिडकी उघडली, मग बाहेरची, मग आतली. त्या घट्ट खिडक्या उघडताना माझी बोटं सारखी घसरत होती.

आम्ही खालच्या जिन्यावर बसलो. लेकीचं औषध मी येताना पर्समधून घेतलं होतं, ते तिच्या तोंडात धरून दोन वेळा फवारलं. तिच्या गळ्याची खळी हळूहळू कमी ओढली जायला लागली. मी तिच्याकडे बघत श्वास मोजत होते. पहिल्या मजल्यावरचे काका कारखान्यातच कामाला होते. त्यांनी आमची अवस्था बघितली, दोन प्रश्न विचारले, आणि वर जाऊन आमच्या दारापाशी उभे राहिले. कोणी आत जायचं नाही, कोणतंही बटण दाबायचं नाही, अर्धा तास तसंच राहू द्या म्हणाले.

तेवढ्यात दूधवाला भय्या आला. रोज सव्वासहाला यायचा, त्या दिवशी त्याला उशीर झाला होता. "भाभीजी, आज सब बाहर क्यूँ बैठे हो?" म्हणत तो आमच्या बाजूने वर चढला आणि सवयीने त्याचं बोट बेलकडे गेलं. काकांनी त्याचं मनगट वरच्या वर पकडलं.

"ए, पागल है क्या? बेल मत बजा!"

भय्या घाबरला. काकांनी वरूनच आम्हाला सांगितलं, "वहिनी, बेलमधे बारीक ठिणगी पडते. घरात एवढा गॅस असताना नुसती बेल वाजली असती ना, तरी पुरे होतं."

दुपारचं माझं बोलणं माझ्या कानात पुन्हा वाजलं, शब्दन्‌शब्द. लक्ष्मीला सांगा, बेल वाजवून ये. मला आत्याबाईंकडे बघवेना. त्यांनी काकांचं बोलणं ऐकलं होतं, एवढं नक्की. आता त्या काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. त्यांनी बोलायलाच हवं होतं. त्यांच्या जागी मी असते तर बोलले असते, आणि चार शेजारणींना बोलावून बोलले असते.

त्या नातीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "दिवा ऱ्हायला गं."

मला तिथे रडू फुटलं. लेक घाबरून माझ्याकडे बघायला लागली म्हणून मी तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दादांना निरोप पाठवला. त्यांनी शिडी लावली, लांबी खरवडली, प्लायवूड काढलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसतील, सांगितलेला ऐकला नाय म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी फळी खाली ठेवली, लेकीकडे बघितलं आणि नुसतेच म्हणाले, "पोर बरी हाय ना?" त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

नवऱ्याला मी नळीचं सांगितलं, दाराचं सांगितलं, दूधवाल्याचं सांगितलं. माझ्या बोलण्याचं सांगितलं नाही. बेल मात्र काढून टाकायला लावली. तो म्हणाला, आता धोका कसला, नळी नवी घातली. मी म्हटलं, मला आवाज सहन होत नाही. पुढे त्या घरात आम्ही राहिलो तोवर येणारा माणूस कडी वाजवायचा.

कारखान्यांचा वास नंतरही यायचा. लेकीचा दमा मोठी होता होता गेला. डॉक्टर म्हणाले होतेच, जाईल. खिडक्या अजून चांगल्या आहेत म्हणे, तिथे आता जे राहतात ते सांगतात. मी त्या फार थोड्या वेळा पूर्ण लावल्या. वास आला की आधी समोरच्या खिडक्या बघायचे, मग सिलिंडर बघायचे, मग लेकीला आतल्या खोलीत न्यायचे. शेजारणी पुन्हा हसायला लागल्या. हसू देत.

आत्याबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या आणि त्या दुपारबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मी मात्र रोज संध्याकाळी वाट बघायचे. आज बोलतील, आता बोलतील. शेवटी एकदा मलाच राहवलं नाही. तिन्हीसांज होती, दोघीच घरात होतो. मी विचारलं, "आत्याबाई, त्या दिवशी मी लक्ष्मीला बेल वाजवायला सांगितलं होतं. तुम्हाला आठवतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आठवत होतं. त्यांच्या तोंडावरून स्पष्ट दिसत होतं.

"कवा? मला काय आठवत न्हाई," त्या म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, काड्यापेटी माझ्या हातात दिली. "माजं डोळं आता काम देत न्हाईत. दार मी उघडते. दिवा तू लाव."

तेव्हापासून दिवा मी लावते. त्या गेल्या, घर बदललं, पण दार आधी उघडते. काडी हातात घेते आणि ओढायच्या आधी थांबून मोठा श्वास घेते. काही नाही, नुसता तुपाचा आणि वातीचा वास. तरी पुन्हा एकदा वास घेते, आणि मग काडी ओढते.